जुना वन बीएचके घ्यायचा, नीट करायचा आणि विकायचा – पुण्यात कुणी केलंय का?

नवशिका_०७

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ३४, आयटीत, बायकोही नोकरी करते. वारज्यात राहतं घर आहे, त्याचा हप्ता मागच्या वर्षी संपला. सगळं मिळून हाताशी २४ लाख आहेत. गेले सहा महिने रात्री झोप येईपर्यंत ते अमेरिकेतले घरं घेऊन सजवून विकायचे व्हिडिओ बघतोय आणि आता डोक्यात किडा शिरलाय की आपणही एक करून बघावं.

कर्वेनगरला एक फ्लॅट बघितलाय. १९८६ ची बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही, ५२० चौरस फूट बिल्टअप, वन बीएचके. मालक आजोबा मुलाकडे बंगलोरला गेलेत, फ्लॅट दीड वर्ष बंद आहे. मोझॅक लादी, कडाप्प्याचा ओटा, हॉलमध्ये ती जुनी भिंतीवर ठोकलेल्या केसिंग पट्टीतली वायरिंग, बाथरूमच्या भिंतीला थोडी ओल. ५२ लाख सांगतायत. मी ५ लाख दुरुस्तीला धरले, म्हणजे झाले ५७. त्याच गल्लीत नीट केलेला फ्लॅट ६८ ला गेला असं एजंट सांगतो. म्हणजे सहा महिन्यांत ११ लाख. कर्ज ३५ लाख काढीन म्हणतो.

बायको म्हणते एवढं सोपं असतं तर एजंटनेच घेतला नसता का.

कुणी केलं असेल तर सांगा, कुठे चुकतोय.

---

खवट पुणेकर

पुढचा धागा वहिनींना काढायला सांगा.

---

आकडेमोड्या

अरे बाबा तू फक्त घराची किंमत आणि फरश्या धरल्यास, मधलं सगळं कुठे गेलं? चहा घेऊन बस, मी लिहितो.

५२ लाखाच्या करारावर पुण्यात स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, ५ मूळ आणि १ स्थानिक संस्थेचा आणि १ मेट्रोचा, म्हणजे ३ लाख ६४ हजार. रजिस्ट्रेशन १ टक्का पण ३० हजारावर जात नाही, म्हणून ३० हजार. एजंट १ टक्का म्हणाला असेल तर ५२ हजार (२ म्हणाला तर तूच बघ). वकील आणि सर्च रिपोर्ट (फ्लॅटच्या जुन्या व्यवहारांची तपासणी) १५ हजार धर. सोसायटीचा ट्रान्सफर प्रीमियम महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार, आणि जवळपास सगळ्या सोसायट्या तो जास्तीत जास्तच घेतात. बँकेची प्रोसेसिंग फी आणि गहाणाची नोंद वगैरे २५ हजार. इथपर्यंत बेरीज ५७ लाख ११ हजार आणि तू अजून एक खिळासुद्धा ठोकला नाहीयेस!! त्यातून ३५ लाख कर्ज वजा केलं तर चावी हातात येईपर्यंत तुझे २२ लाख ११ हजार गेले. २४ मधले उरले १ लाख ८९ हजार. त्यात तू दुरुस्ती करणार आहेस.

बरं दुरुस्ती ५ नाही, बंद पडलेल्या ८६ च्या फ्लॅटला साडेसहा धर, ते लादीवाली ताई सांगतील. आणि सहा महिने पण नाही, नऊ. रजिस्ट्रेशन आणि कर्ज मंजूर व्हायला दीड महिना, काम तीन महिने, गिऱ्हाईक मिळायला दोन-तीन, मग त्या गिऱ्हाइकाचं कर्ज मंजूर होऊन पैसे तुझ्या खात्यात यायला अजून दीड. ३५ लाखावर साडेआठ टक्क्यांनी महिन्याला व्याजच २४ हजार ८००, नऊ महिन्यांचे २ लाख २३ हजार. मेंटेनन्स नऊ महिने १८ हजार. विकताना परत एजंट, ६८ च्या १ टक्क्याने ६८ हजार.

सगळं मिळून ६६ लाख ७० हजार. ६८ ला विकलास तर राहिले १ लाख ३० हजार, आणि तो नफा शॉर्ट टर्म (२४ महिन्यांच्या आत विकल्याचा) असल्यामुळे तुझ्या पगाराला जोडून ३० टक्के स्लॅबने कर अधिक सेस. हातात ९० हजाराच्या आत. (व्याज खर्चात धरू देतात का ते सीएला विचार, मी धरलंय, नाही धरलं तर अजून कमी.) आणि गिऱ्हाइकाने ६६ वर घासाघीस केली की तू ६८ हजार खिशातून घालून नऊ महिने मिस्त्रीमागे पळालास.

११ लाखाचे ९० हजार. माफ कर, पण हिशोब हा असा आहे.

---

नवशिका_०७

बाप रे. स्टॅम्प ड्युटी मी खरंच विसरलो होतो. म्हणजे माहीत होती पण ती "खरेदीचा खर्च" म्हणून डोक्यात वेगळ्या कप्प्यात होती.

एक शंका, बायकोच्या एकटीच्या नावावर घेतला तर १ टक्का कमी लागते ना? आणि कुणीतरी म्हणालं की लवकर विकलं तर ड्युटी परत मिळते, गुंतवणूकदारांसाठी काहीतरी आहे?

---

आकडेमोड्या

बायकांना १ टक्का सवलत आहे, राहत्या घरासाठी, खरेदीदार फक्त बाई असली पाहिजे. आधी अट होती की १५ वर्षं पुरुषाला विकायचं नाही, ती २०२३ मध्ये काढली, त्यामुळे तुझ्या कामाला चालेल, ५२ हजार वाचतील. पण पैसे तुझे आणि नाव तिचं असेल तर नफा आयकरवाले तुझ्याच उत्पन्नात धरतात, ते क्लबिंग म्हणतात. तिचे स्वतःचे पैसे असतील तर उत्तम.

दुसरं जे ऐकलंस ते बिल्डरकडून घेतलेल्या फ्लॅटचं. बिल्डरकडून घेऊन ३ वर्षांच्या आत (२०२२ च्या आधी १ वर्ष होतं) पुढे विकला तर पुढच्याच्या ड्युटीतून तुझी भरलेली वजा होते. रिसेलच्या फ्लॅटला त्याचा काही उपयोग नाही.

---

भाडेकरू नं १

तुमच्यासारखे लोक जुने स्वस्त फ्लॅट उचलतात, त्याला ग्रॅनाइट लावतात आणि १५ लाख वाढवून विकतात म्हणून आमच्यासारख्यांना घर घेता येत नाही. वर परत सल्ले मागतात. धन्य आहे.

---

लादीवाली

भाडेकरू, राग समजू शकते. पण वरचा हिशोब वाचलात का, १५ लाख वाढवून कुणाच्या खिशात जातायत? निम्मे सरकारात, उरलेले बँकेत आणि एजंटकडे.

नवशिके, मी असे तीन केलेत, त्यातले दोन नवऱ्याबरोबर आणि एक भावाबरोबर. आकडेमोड्यांनी साडेसहा म्हटलंय ते बरोबर आहे आणि का ते सांगते, कारण "थोडी ओल" हे तू जे लिहिलंयस ना ते वाचून माझ्या पोटात गोळा आला.

८०-९० च्या बिल्डिंगमध्ये संडास-बाथरूमचा स्लॅब खाली असतो, वर विटांचे तुकडे भरून कोबा आणि त्यावर लादी. त्या विटांच्या भरावातून जीआयचे (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) पाइप गेलेले असतात. चाळीस वर्षांत ते पाइप आतून गंजून निम्मे बुजलेले असतात, बाहेरून झिरपतात, आणि तो भराव स्पंजसारखा पाणी पिऊन बसलेला असतो. वरून भिंतीला फक्त हातभर ओल दिसते. माझ्या पहिल्या फ्लॅटला मिस्त्री म्हणाला ताई वरून केमिकल मारू, दहा हजारात काम. मी म्हटलं हो. दोन महिन्यांनी खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या, हातात मोबाइल, त्यात त्यांच्या देवघरावरच्या छताचा फोटो, पांढऱ्या रंगावर चहाचा डाग पडावा तसा. मग सगळं फोडलं. भराव काढला तेव्हा खाली अक्षरशः चिखल, फावड्याने उचलत होते. सगळे पाइप सीपीव्हीसीचे (प्लास्टिकचे) टाकले, कोबा, वॉटरप्रूफिंग, मग पाणी भरून दोन दिवस ठेवलं आणि मी स्वतः दोन्ही दिवस काकूंच्या घरी जाऊन छताला हात लावून बघून आले, एकदा त्यांनी पोहेही दिले. नुसत्या त्या बाथरूमचे १ लाख ७० गेले, आधीचे दहा हजार वेगळे.

सोसायट्या फोडाफोडी १० ते १ आणि ४ ते ६ एवढीच करू देतात, रविवारी नाही, दुपारी झोपेच्या वेळी तर नाहीच. त्यामुळे मिस्त्री "पंधरा दिवस" म्हणाला की महिना धरायचा. डेब्रिज गोण्यांत भरून तिसऱ्या मजल्यावरून खाली, लिफ्ट नाही म्हणतोयस, गोणीमागे हमाली, टेम्पो वेगळा. हे कुणी व्हिडिओत दाखवत नाही, तिथे एकदम आधी आणि नंतर.

वायरिंग सगळी नवी करावीच लागेल, त्या काळी एसी नव्हते, गिझर एखादा. लोड वाढवायला मीटरचा अर्जही आत्ताच टाक.

---

खवट पुणेकर

पोहे मिळाले म्हणजे काकू कर्वेनगरच्या नसणार.

---

लादीवाली

सिंहगड रोड 😄

---

नाना डोंबिवली

मी काय म्हणतो, रिसेलच्या मागे लागण्यापेक्षा बँक लिलावात का जात नाही? पेपरात दर आठवड्याला पानभर जाहिराती असतात, बाजारभावापेक्षा स्वस्त. माझ्या साडूने ठाण्यात घेतला.

---

आकडेमोड्या

नाना, साडूचं अभिनंदन, पण नवशिक्याला पहिलाच डाव लिलावाचा सुचवू नका. आधी राखीव किमतीच्या १० टक्के अनामत. बोली लागली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी एकूण २५ टक्के भरायचे, उरलेले १५ दिवसांत, फार तर लेखी मुदतवाढ मिळाली तर तीन महिन्यांपर्यंत. नाही भरले तर भरलेले जप्त. तेवढ्यात दुसऱ्या बँकेचं कर्ज उभं करणं म्हणजे तारेवरची कसरत. आणि जाहिरातीत एक शब्द नीट वाचायचा, ताबा प्रत्यक्ष आहे की सांकेतिक. सांकेतिक असला तर आत जुना मालक मजेत राहतोय आणि बाहेर काढायचं तुमच्या नशिबात. वर "जसे आहे जेथे आहे", म्हणजे सोसायटीची थकबाकी, लाइट बिल, मिळकतकर सगळं तुमच्या माथी.

---

नाना डोंबिवली

हो ते थकबाकीचं साडूलाही निघालं. चार लाख. ते तो सांगत नाही कुणाला, मी सांगतो.

---

डॅलसचा पाहुणा

धाग्यात अमेरिकेचा उल्लेख आला म्हणून डोकावलो. मी डॅलसजवळ दोन घरं फ्लिप केलीत (म्हणजे घेऊन, नीट करून विकली), एकात कमावले, दुसऱ्यात गमावले, हिशोब बरोबरीत.

तुम्ही बघताय ते व्हिडिओ इकडच्या कायद्यांवर चालतात हे लक्षात घ्या. टेक्ससमध्ये घर विकत घेताना ट्रान्सफर टॅक्स, तुम्ही स्टॅम्प ड्युटी म्हणता तसलं काही, नाहीच. म्हणून इथे चार महिन्यांत घेऊन विकायचा खेळ जमतो. त्याबदल्यात मिळकतकर सणसणीत आहे, वर्षाला घराच्या किमतीच्या साधारण २ टक्क्यांच्या आसपास, आणि विकताना एजंटांचे कमिशन ५-६ टक्के. ७० टक्के नावाचा ठोकताळा आहे इथे: दुरुस्तीनंतर जी किंमत येईल तिच्या ७० टक्क्यांतून दुरुस्तीचा खर्च वजा करा, त्याच्या वर एक डॉलर द्यायचा नाही. नवशिक्यांच्या फ्लॅटला लावून बघा: ६८ चे ७० टक्के ४७.६, त्यातून साडेसहा गेले, ४१ लाख. ५२ नाही, ४१!

माझं दुसरं घर बुडालं ते पायामुळे. इथली काळी चिकणमाती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, आपल्याकडची काळी जमीन जशी भेगाळते तशीच. स्वयंपाकघरात एका टोकाला गोटी ठेवली की दुसऱ्या टोकाला जायची. मला वाटलं फरशी खराब आहे. फरशी कसली, पाया खचला होता. खालून पिअर (आधाराचे खांब) घालून घर उचलावं लागलं, घर उचललं की पाइप तुटले, पाइप जोडायला नवीन फरशी फोडली. वर व्याज १२ टक्के, कारण फ्लिपसाठी बँक पैसे देत नाही, खासगी सावकार देतात. आणि एफएचए (सरकारी हमीच्या) कर्जवाला गिऱ्हाईक घ्यायचा तर तुम्ही घर घेऊन ९० दिवस व्हायच्या आत करारच करता येत नाही त्याला.

झिलोसारखी कंपनी, जिच्याकडे अख्ख्या देशाच्या घरांचे भाव होते, तिनेही घरं घेऊन विकायचा धंदा २०२१ च्या नोव्हेंबरात गुंडाळायला घेतला. भाव ठरवता येईनात म्हणून. मग मी गोटीवरून काय ओळखणार होतो.

---

म्हापशेकर

गोव्यात कोणी करत असेल तर एकच सांगतो. इथं नवरा-बायकोची मालमत्ता लग्नाबरोबर सामायिक होते, पोर्तुगीज काळापासूनचा कायदा आहे. त्यामुळे विकणाऱ्याच्या बायकोची (किंवा नवऱ्याची) सही नाही तर ते खरेदीखत अर्धवट. चार भाऊ असले तर चार भाऊ आणि चार वहिन्या. पुण्या-मुंबईचे लोक येतात, एका भावाला इसार देतात आणि मग वर्षभर पणजीच्या फेऱ्या मारतात. जुनं घर असलं तर बघायलाच नको, अर्धे वारस लिस्बनला.

---

नवशिका_०७

सगळ्यांचे आभार, झोप उडाली आहे.

अजून एक, आज एजंटचा फोन आला. म्हणतो आजोबा ५२ वर ठाम आहेत पण करारनामा ४२ चा करू, १० रोख द्या, तुमची ७० हजार ड्युटी वाचेल. हे सगळेच करतात म्हणे.

---

आकडेमोड्या

फोन ठेव त्याचा.

एक तर घराच्या व्यवहारात २० हजाराच्या वर रोख घेतलीस-दिलीस की घेणाऱ्याला तेवढाच दंड. दोन, करार रेडी रेकनरपेक्षा (सरकारने ठरवलेल्या भावापेक्षा) १० टक्क्यांहून जास्त खाली गेला तर तो फरक विकणाऱ्याच्याही उत्पन्नात धरतात आणि घेणाऱ्याच्याही. पण हे सगळं बाजूला ठेव, तू विकायला घेतोयस ना? मग कागदावर तुझी खरेदी ४२ ची झाली. उद्या ६८ ला पांढऱ्यात विकलास की कागदावर नफा १० लाखांनी फुगला, त्यावर सेस धरून ३१.२ टक्के, म्हणजे ३ लाख १२ हजार. ७० हजार वाचवायला ३ लाख. आजोबांचा फायदा, एजंटचा फायदा, तुझं काय?

---

लादीवाली

+१. आणि रोख मागणारा एजंट कागदपत्रं दाखवायलाही टाळाटाळ करतो हा माझा अनुभव.

आता खरं सांगायचं ते सांगते. माझे तीन फ्लॅट. पहिला सिंहगड रोडचा, जानेवारी २०२० ला घेतला. मार्चमध्ये बाथरूम फोडून ठेवलेलं, संडासचं भांडं हॉलच्या मधोमध, आणि लॉकडाऊन. मिस्त्री गावी गेला, जूनमध्ये परत आला. सरकारने त्या सप्टेंबरला स्टॅम्प ड्युटी ३ टक्क्यांनी कमी केली, डिसेंबरअखेरपर्यंत, म्हणून लोक धावत आले आणि डिसेंबरात विकला गेला. फायदा ८० हजार. म्हणजे वर्षभराची मेहनत आणि ८० हजार, तेही सरकारच्या कृपेने.

दुसरा, बिबवेवाडीचा, त्यात ६ लाखाच्या वर सुटले. आणि त्यात मी फरशीसुद्धा बदलली नाही! नुसता रंग, नळ, दिवे.

तो फ्लॅट दोन वर्षं पडून होता कारण कुणालाही कर्ज मिळत नव्हतं. शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला) वारलेल्या वडिलांच्या नावावर, नॉमिनी मोठा मुलगा. तो सगळ्यांना सांगायचा मी नॉमिनी म्हणजे मीच मालक. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, सोसायटीने पत्रव्यवहार कुणाशी करायचा एवढंच ते. वारस चार निघाले, आई, तो, एक बहीण नागपूरला, एक कॅनडात. चौघांचं भांडण नव्हतं बरं का, फक्त कुणीच हलत नव्हतं. गिऱ्हाईक यायचं, बँकेचा वकील नाही म्हणायचा, गिऱ्हाईक जायचं.

मी काय केलं, माझ्या वकिलाला घेऊन त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं बाजारभावापेक्षा दहा लाख कमी देईन पण कागद करून घ्यायचं काम आणि खर्च माझा, पैसे सगळे सह्या झाल्यावर. नागपूरच्या ताई हक्कसोडपत्र करायला आल्या. कॅनडावाल्या ताईंनी तिथल्या भारतीय दूतावासात कुलमुखत्यारपत्र केलं, ते इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्याच्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो, हे मला तेव्हा कळलं. आणि रजिस्ट्रेशनच्या दिवशी आजींचा अंगठा मशीन घेईना. ८१ वर्षांच्या, आयुष्यभर भांडी घासून रेषा पुसल्या गेलेल्या. ऑपरेटर मुलगा एक एक बोट लावून बघतोय, मागे वीस टोकनचे लोक उभे, आजी म्हणतात अरे बाळा मी खरीच आहे. कुणीतरी ओला रुमाल दिला, पुसून, मग हाताला थोडं खोबरेल चोळून, अखेर डाव्या हाताच्या मधल्या बोटावर घेतलं. त्यावर ते सगळे सहा लाख अडकले होते.

तिसरा फ्लॅट परत फरश्यांवाला, त्यात दीड लाख.

तर तुला जो फ्लॅट "खराब दिसतो" तो सगळ्यांनाच खराब दिसतो, त्याचा भाव आधीच ठरलेला असतो, उलट आजोबांनी तोही पुरा लावलाय. ज्याचे कागद अडलेत तो फ्लॅट स्वस्त मिळतो.

---

डॅलसचा पाहुणा

हे सगळ्या जगात तसंच आहे. इथे जे खरे कमावतात ते वारसा कोर्टाच्या यादीवर बसलेले असतात, हातात हातोडा कुणाच्याच नसतो.

---

भाडेकरू नं १

आजींचं वाचून बरं वाटलं. बाकी मत तेच.

---

नवशिका_०७

ताई, कागद म्हणजे नेमके कुठले बघू मग या फ्लॅटचे?

---

लादीवाली

पहिल्या मालकापासून आजोबांपर्यंतची सगळी करारनाम्यांची साखळी, मूळ प्रती. प्रत्येकाची सूची क्रमांक २ (नोंदणी कार्यालयातला त्या कराराचा उतारा). शेअर सर्टिफिकेट, मागच्या पानावर नावं कशी कशी चढलीत ते. भोगवटा प्रमाणपत्र. सोसायटीच्या नावावर जमीन झालीये का, म्हणजे कन्व्हेयन्स, प्रॉपर्टी कार्डावर नाव कुणाचं. ३० वर्षांचा सर्च. सोसायटीचं नो ड्यूज. रिडेव्हलपमेंटचा ठराव वगैरे झालाय का, हे सेक्रेटरीला विचार, एजंटला नाही.

८६ ची बिल्डिंग म्हणतोस म्हणून खास: १० डिसेंबर १९८५ पासून अशा ताब्यासकटच्या करारांना पूर्ण स्टॅम्प ड्युटी लागायला लागली. त्याच्या आगे-मागे लोकांनी ५ रुपयांच्या स्टॅम्पवर करार केलेत, रजिस्टर न करता. तुझ्या आजोबांचा तसला निघाला तर तुझ्या गिऱ्हाइकाची बँक अडवेल, आणि कमी भरलेल्या ड्युटीवर महिन्याला २ टक्के दंड लागतो. २०२३ च्या डिसेंबरात सरकारने अभय योजना (दंडात सूट देणारी) आणली होती त्यात बऱ्याच लोकांनी करून घेतलं. आजोबांनी केलं का विचार.

---

आकडेमोड्या

आणि एक पर्याय सुचवतो, फ्लिप शब्द विसर. घेतलाच तर स्वतः तिथे राहायला जा, वारज्याचं भाड्याने दे. २४ महिने झाले की लाँग टर्म, कर साडेबारा टक्के, आणि त्या पैशात दुसरं राहतं घर घेतलंस तर तोही वाचू शकतो. कर्ज बदलत्या दराचं घे, म्हणजे मध्येच फेडायला दंड नाही. फक्त जुन्या करप्रणालीत असशील आणि मुद्दल ८०सी मध्ये दाखवलंस तर ५ वर्षांच्या आत विकल्यावर ती सवलत उलटते.

---

नवशिका_०७

हा पर्याय घरी मांडला. बायको म्हणाली तिसरा मजला, लिफ्ट नाही, मुलगा चार वर्षांचा, दुधाच्या पिशवीसाठी तू उतरणार का. विषय संपला.

---

खवट पुणेकर

आधीच सांगितलं होतं, धागा वहिनींना काढू द्या.

---

नवशिका_०७

अपडेट द्यायला तीन आठवड्यांनी येतोय.

एजंटला बाजूला ठेवून आजोबांशी थेट फोनवर बोललो. फार सरळ माणूस. ४२-१० चं त्यांना माहीतच नव्हतं, ती एजंटची आयडिया! प्लंबर घेऊन जाऊन बाथरूम दाखवलं, त्याने लादीवर हातोडीने टकटक केलं आणि "पोकळ आहे" म्हणाला, खालच्या मजल्यावर जाऊन छतही बघून आलो, डाग आहे. फोटो आजोबांना पाठवले.

कागद: पहिला करार ८६ चा बिल्डर ते दुसरेच कुणी, तो ५ रुपयांच्या स्टॅम्पवर आहे, अगदी ताई म्हणाल्या तसा. आजोबांनी त्यांच्याकडून ९४ ला घेतला, तो रजिस्टर्ड आहे. अभय योजनेत काही केलेलं नाही. आणि शेअर सर्टिफिकेट सापडत नाहीये, आजोबा म्हणतात बंगलोरला सामान हलवताना गेलं असणार. हे सगळं मी त्यांना सांगितल्यावर दोन दिवस फोन आला नाही, मग काल आला, म्हणाले कागद तुम्ही करून घेणार असाल तर ४४ ला द्यायला तयार आहे, पण २ लाख विसार लगेच हवा, मुलाच्या घराचं काहीतरी आहे.

आकडेमोड केली, ४४ ला थोडं जमतंय असं वाटतंय. विसार देऊ का?

---

आकडेमोड्या

४४ ला ९० हजाराच्या ऐवजी खरंच काहीतरी हातात राहतं. पण आधी वकिलाकडून त्या ८६ च्या कराराची ड्युटी अधिक दंड किती बसतो तो आकडा लेखी घे. तो आकडा आल्याशिवाय ४४ हा आकडाच नाही.

---

लादीवाली

विसार देऊ नकोस अजून. शेअर सर्टिफिकेट नुसतं हरवलंय की कुठे गहाण पडलंय हे आधी कळलं पाहिजे. आजोबा सरळ असतील, पण मुलाला पैसे लगेच हवेत म्हणजे मुलाने काही काढलेलं असू शकतं. सोसायटीत जाऊन आय रजिस्टर (सभासदांची नोंदवही) बघायला माग, त्या फ्लॅटच्या पानावर बँकेची नोंद आहे का ते. डुप्लिकेटसाठी आजोबांना पोलिसात तक्रार आणि सोसायटीला अर्ज करावाच लागेल, ते त्यांच्याच सहीने. एवढं झालं की मग विसार, तोही चेकने आणि पावतीत "कागद पूर्ण न झाल्यास परत" असं लिहून.

सेक्रेटरी कधी भेटतात तिथले?

---

नवशिका_०७

ऑफिसच्या बाहेर पाटी आहे, मंगळवार आणि शुक्रवार, ७ ते ८.

---

लादीवाली

आज शुक्रवार आहे. साडेसहा वाजलेत.